तिथी बघून समुद्रावर

अलिबागच्या पट्ट्यात समुद्रावर पोट असणाऱ्या कुणालाही भरती कधी आहे असं विचारलं, तर तो आधी आजची तिथी विचारतो. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुनव आणि अवस म्हणजे भरदुपारी बाराच्या आसपास. दिवसाला दोन भरत्या, त्यांच्यात साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे. मिनिटामिनिटाचं कोष्टक आता फोनवर मिळतं, पण पक्षी बघायला निघताना मी अजूनही भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान बघते. दशमी-एकादशीची सकाळ मोकळी मिळाली की बाकीची कामं मागे पडतात.

पुनवेच्या किंवा अवसेच्या पहाटे किनाऱ्यावर गेलं तर समुद्र पार आत गेलेला असतो. ओल्या वाळूचा अफाट पट्टा उघडा पडलेला असतो आणि पक्षी त्यावर इतके विखुरलेले असतात की दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. एकादशीला मात्र सकाळी सव्वाआठला पाणी काठाशी येतं. उजाडल्यापासून चढत जाणारं हे पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे रेटत आणतं. समुद्र पश्चिमेला, सूर्य आपल्या पाठीशी, त्यामुळे पिसांचा रंगन्‌रंग उजळलेला असतो. सुरूच्या बुंध्याला टेकून गप्प बसायचं. पाठलाग न करता पक्षी पन्नास पावलांवर येतात.

गेलं वर्षभर कुलाबा किल्ल्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, कधी हा तुकडा कधी तो, असं माझं चालणं झालं. रस्त्याने हे अंतर सुमारे 17 किलोमीटर आहे. पाट्या लावून आखलेली पायवाट इथे नाही. भरतीच्या रेषेने चालायचं, खाडी आडवी आली की वर रस्त्याला लागून पूल ओलांडायचा आणि पुन्हा वाळूत उतरायचं. सुरुवातीलाच 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथे पायी जाता येतं आणि उघड्या पडलेल्या खडकांवर काळा समुद्रबगळा मान आखडून उभा असतो. मग होड्यांनी गजबजलेली साखरची खाडी. पलीकडे आक्षी, जिथला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये गणला जातो. मग नागावची सुरूची बनं आणि त्यांच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. पुढे चौल, थेरोंड्याचा कोळीवाडा आणि शेवटी पोर्तुगिजांच्या तटबंदीत वसलेला रेवदंडा. तिथे कुंडलिका समुद्राला मिळते.

यातला आक्षीचा तुकडा पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत. मुंबई-पुण्याचे पक्षीनिरीक्षक हिवाळ्यात मुद्दाम इथे उतरतात. खाडीच्या मुखाशी गाळ आणि वाळू एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नुसत्या वाळूत मिळणारं खाद्य आणि नुसत्या चिखलात मिळणारं खाद्य, दोन्ही हाकेच्या अंतरावर असतं.

किनाऱ्याचं वर्ष ऑगस्टपासून धरावं. पाऊस अजून ओसरलेला नसतो, लाटांचं पाणी तांबूस-गढूळ असतं, आणि तरीही सँड प्लोव्हरचे पहिले थवे उतरलेले असतात. मुठीत मावेल एवढा हा पक्षी, वजन जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम. आपल्या किनाऱ्यावर येणारे बहुतेक लडाख, तिबेट, पामीर अशा उंच पठारांवर घरटी करून येतात. पूर्वी सगळ्यांना मिळून लेसर सँड प्लोव्हर म्हणत. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याच्या दोन स्वतंत्र जाती मानल्या आहेत आणि आपल्याकडच्याला तिबेटन सँड प्लोव्हर असं नाव मिळालं आहे. ऑगस्टमध्ये येणारे सगळे प्रौढ असतात. छातीवरचा विटकरी पट्टा अजून पुरता गेलेला नसतो, पिसं झिजलेली असतात.

पिल्लं मागाहून येतात. किनारी पक्ष्यांच्या बऱ्याच जातींमध्ये पिल्लं धड उडायला लागली न लागली तोच आई-बाप दक्षिणेची वाट धरतात. काही आठवड्यांनी ही पिल्लं आपापली निघतात. वाट दाखवणारं जाणतं कुणी नसताना, त्यांनी कधीही न पाहिलेल्या किनाऱ्यावर येऊन पोचतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आक्षीला असे पक्षी ओळखता येतात, कारण त्यांची पिसं कोरी असतात आणि पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते. यंदाच्या जून-जुलैत अंड्यातून निघालेला जीव ऑक्टोबरात कोकणात खेकडे टिपताना बघितला की मला दर वर्षी तेवढंच नवल वाटतं. पाणटिवळ्यांमधल्या बार-टेल्ड गॉडविट या जातीच्या पाच महिन्यांच्या एका पिल्लाने 2022 मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटरचं अंतर 11 दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. त्याच्या पाठीवरच्या छोट्या यंत्रामुळे हे कळलं. आपल्या किनाऱ्यावर येणारे गॉडविट वेगळ्या गोतावळ्यातले, पण जात तीच.

इतक्या लांबून येऊन ते इथे करतात काय, तर खातात. आक्षीच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी तासभर बसलं तर एकाच वाळूत किती तऱ्हांनी पोट भरता येतं ते दिसतं. सँड प्लोव्हरचे डोळे मोठे. तो चार पावलं धावतो, थबकतो, बघतो, एक टोच मारतो, पुन्हा धावतो. वाळूच्या पृष्ठभागावर अळी किंवा खेकडा हलला की त्याला दिसतो. तुतवार कुळातल्या पक्ष्यांचा भरवसा डोळ्यांपेक्षा चोचीवर. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं असतात, त्यामुळे न दिसणारा जीवही त्यांना चिखलात सापडतो. टर्नस्टोन किल्ल्याजवळच्या खडकाळ भागात दगड आणि शेवाळ उलटवत फिरतो. काळा-पांढरा, लालबुंद चोचीचा कालवफोड्या शिंपल्याची दोन झाकणं किंचित उघडी असताना चोच आत घालतो आणि त्यांना मिटवून धरणारा स्नायू कापून टाकतो, की शिंपला उघडाच राहतो.

सँडरलिंगची तऱ्हा यांच्याहून निराळी. तो लाटेच्या ओठावर जगतो. लाट परतायला लागली की तिच्या मागे धावायचं, पाणी वाळूत जिरायच्या आत दोन-तीनदा चोच खुपसायची आणि पुढची लाट फुटली की तिच्यापुढे पळत वर यायचं. पाय इतके भरभर चालतात की दिसेनासे होतात. बहुतेक तुतवारांना मागे एक आखूड बोट असतं, सँडरलिंगला ते नाही. एका पहाटे नागावच्या बाजूला वीस-पंचवीस सँडरलिंग माझ्यापासून दहा-बारा पावलांवर आले. मी बसलेलीच होते. लाट मागे गेली, सगळे खाली धावले, आणि त्यातला एक मागेच राहिला. त्याला वाळूतून काहीतरी ओढून काढायचं होतं, चोच बुडापर्यंत आत, अंग मागे ताणलेलं. पुढची लाट फुटली तरी त्याने सोडलं नाही. फेस पोटाला लागला तेव्हा एक लांब अळी बाहेर आली. ती चोचीत धरून तो अर्धा उडत, अर्धा धावत वर आला, आणि इतर दोघे ती हिसकावायला त्याच्या मागे लागले. सैबेरियाच्या टुंड्रात, आर्क्टिक समुद्राच्या काठी जन्मलेला हा पक्षी वर्षातला बहुतेक काळ अशा कुठल्यातरी उबदार किनाऱ्यावर काढतो. टुंड्रातलं त्याचं वास्तव्य असतं दोनेक महिन्यांचं. तेव्हा पाहुणा तो तिथला म्हणायचा की इथला, हे एकदा नीट ठरवायला हवं.

कुरल हा या सगळ्यांत थोराड. कोंबडीएवढं अंग आणि खाली वळलेली लांबलचक चोच. मादीची नराहून लांब. आक्षीच्या खाडीमुखाशी चिखलात तो खेकड्याच्या बिळात चोच अक्षरशः डोळ्यांपर्यंत घालतो. खेकडा निघाला की आधी त्याला झटकून झटकून त्याचे पाय तोडतो, मग उरलेला गोळा चोचीच्या टोकापासून घशापर्यंत उडवून गिळतो. त्याचा धाकटा भाऊ व्हिम्ब्रेल, तो उडताना एका सुरात सातेक शिट्या देतो, म्हणून न बघताही ओळखू येतो. त्यांचा आणखी एक नातलग, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू, 1995 मध्ये मोरोक्कोत खात्रीने दिसला तो शेवटचा. 2025 मध्ये तो नामशेष झाल्याची अधिकृत नोंद झाली. कुरलाकडे बघताना ही नोंद माझ्या डोक्यातून जात नाही.

हे सगळं वर्णन ओहोटीचं झालं. वर्षभराच्या चालण्याने मला जे शिकवलं ते भरतीबद्दलचं आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

किनारी पक्ष्यांची रात्र आकाशावर ठरत नाही, पाण्यावर ठरते. वाळू उघडी असेल तेव्हा ते खातात, मग दिवस असो की मध्यरात्र. वाळू पाण्याखाली गेली की त्यांचं जेवण संपतं, आणि पुढचे दोन-तीन तास ते झोपतात. पूर्ण भरतीच्या वेळी काठावर कोरड्या वाळूची जी पट्टी उरते, तिच्यावर सगळे गोळा होतात. सँड प्लोव्हर, सँडरलिंग, मधूनच डनलिन आणि ग्रे प्लोव्हर, कडेला कुरव आणि सुरय. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. एक पाय पोटाच्या पिसांत, चोच पाठीत खुपसलेली. छोटे प्लोव्हर माणसांच्या पावलांच्या ठशांत आणि टायरच्या चाकोरीत अंग चोरून बसतात, म्हणजे वारा लागत नाही. दहा पावलांवरून बघितलं तरी रिकामी वाळू वाटते. मग त्यातला एक ठसा डोळा उघडतो.

आता दिवाळीचं बघा. लक्ष्मीपूजन अवसेला. त्या दिवशी आणि पुढे पाडवा, भाऊबीज होईपर्यंत पूर्ण भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान येते. अवसेची भरती ही उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यांत वर चढणार आणि कोरडी पट्टी सगळ्यांत अरुंद होणार. नेमक्या त्याच वेळी सुट्टीची गर्दी किनाऱ्यावर असते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट 2020 मध्ये सुरू झाली, अटल सेतू 2024 च्या जानेवारीत खुला झाला. मुंबईहून इथे येणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. त्याचा आनंदच आहे, इथल्या कित्येक घरांची चूल त्यावर चालते. पण पंधरवड्यातली सर्वांत अरुंद वाळू आणि सर्वांत मोठी गर्दी एकाच तासाला एकत्र येतात, आणि तीही अशा दिवसांत, जेव्हा हजारो किलोमीटर उडून आलेली, अंगावर चरबी नसलेली पिल्लं नुकतीच उतरलेली असतात. हिवाळ्यातल्या प्रत्येक पुनवेला आणि अवसेला हेच. नाताळाची सुट्टी अशा तिथीला आली तर तेव्हाही.

एका अशा दुपारी मी आक्षी आणि नागावच्या मधल्या निवांत तुकड्यावर होते. तीनेकशे पक्ष्यांचा थवा चाकोऱ्यांमध्ये बसलेला. आधी एक कुत्रा आला, थवा उठला, समुद्रावर लांबलचक फेरी मारून पुन्हा तिथेच बसला. दहा मिनिटांनी घोडागाडी गेली, पुन्हा उठला. मग मुलांचा क्रिकेटचा चेंडू. मग चार चाकांची वाळूवर पळवायची मोटार, तिच्यावर हसणारं एक जोडपं आणि मागे चालवणारा गावातलाच तरुण. प्रत्येक वेळी तीनशे जीव हवेत, प्रत्येक वेळी मिनिटभर पंख. माणसाला त्यात काही वाईट दिसत नाही, उलट थवा उडाला की फोन बाहेर निघतात, कारण तो सुंदर दिसतो. पण उडणं हे पक्ष्याच्या आयुष्यातलं सर्वांत महाग काम आहे. ओहोटीत तासन्‌तास टिपून साठवलेलं त्या फेऱ्यांमध्ये खर्च होतं, आणि भरती उतरेपर्यंत भरपाईला दुसरं जेवण नसतं. असं तासाला चार-पाचदा, महिन्यामागून महिना झालं, तर परतताना हिमालय ओलांडायला लागणारी चरबी साठणार कधी? यात पक्षी तिथल्या तिथे मरून पडत नाही. तो पुढे कुठेतरी, आपल्याला न दिसता, कमी पडतो.

त्या मोटारवाल्या तरुणाला मी हात केला. “दादा, इथून जरा वरच्या अंगाने घेता का? खाली पाखरं झोपलीत.”

त्याने गाडी बंद करून वाळूकडे बघितलं. त्याला आधी काही दिसलं नाही, मग दिसलं. “अरे, किती आहेत! घेतो की ताई. आम्हाला काय, चक्कर मारण्याशी मतलब. कुणी बोललंच नाही कधी.”

त्या दुपारी तो खरंच वरून जात राहिला आणि त्याने मागून येणाऱ्या दोघा गाडीवाल्यांनाही सांगितलं. मला या किनाऱ्याबद्दल आशा वाटते ती अशा अनुभवांमुळे. इथे जमीन ताब्यात घेऊन कुंपण घालायची गरज नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंसाठी 2015 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये ते रामसर यादीत गेलं, आणि ते योग्यच झालं. आक्षीला मागणं त्याहून फार छोटं आहे. भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, हिवाळ्याच्या सहा-सात महिन्यांत, दोन-तीनशे पावलांचा एक तुकडा मोकळा सोडायचा. पर्यटन त्यामुळे थांबत नाही. वेळ तिथीवरून गावातल्या शेंबड्या पोरालाही काढता येते. गाड्या, घोडे आणि क्रिकेट तेवढ्यापुरते नागावच्या मुख्य किनाऱ्याकडे सरकले तरी पुरे. परदेशात अनेक ठिकाणी दोरी आणि पाटी लावून हे करतात. इथे दोरीसुद्धा लागणार नाही, किनाऱ्यावर धंदा करणाऱ्यांनी ठरवलं तर.

वाळूची ती पट्टी दुसऱ्या बाजूनेही आखडते आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यात सुरू, नारळ, पोफळी आडव्या झाल्या. त्याआधीपासूनच किनारा ठिकठिकाणी खचतो आहे. मुळं उघडी पडलेले सुरू आणि ओंडके चालताना वाटेत येतात. उपाय म्हणून दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जातात. ज्याची वाडी समुद्रात चालली आहे त्याला बंधारा नको म्हणणं मला शक्य नाही. पण जिथे बंधारा झाला तिथे भरतीचं पाणी थेट दगडांवर आपटतं आणि कोरडी वाळू उरतच नाही. माणसाला बसायला कट्टा मिळतो, प्लोव्हरची झोपायची जागा जाते. म्हणून जिथे अजून उताराची, मोकळी पुळण शिल्लक आहे, तिथे विनाकारण दगड पडू नयेत एवढं तरी बघायला हवं. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा कायद्याने सीआरझेड-1 ब मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या एका वर्गात येतो. पक्षी झोपतात ती जागा त्याच्या नेमकी वरच्या काठावर असते, आणि तिथे नियम पातळ होत जातात.

थंडी पडली की साखर-आक्षीच्या बंदराकडे पावलं वळतात. वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, पहाटे होड्या परततात आणि त्यांच्यामागे कुरवांचं वादळ. तपकिरी डोक्याचे कुरव सर्वांत जास्त. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, कानामागे फक्त एक डाग. त्यांच्यात थोडे काळ्या डोक्याचे, एखाद-दुसरा गुलाबी झाक असलेला स्लेंडर-बिल्ड गल, आणि मध्येच अंगाने दुप्पट मोठा पलासचा कुरव. जाळी झटकताना पडणाऱ्या माशांवर झडप घालताना ते एकमेकांच्या डोक्यावर आदळतात. ब्राह्मणी घारी वरून घिरट्या घालून नेमका तुकडा उचलतात. खाडीत पाग टाकणारे एक काका मला सांगत होते की पाण्यावर सुरय एकाच जागी थरथरत थांबून सूर मारायला लागले की तिथे बारीक मासळीचा थवा असतो आणि पाग तिकडेच टाकायचा. कॅस्पियन टर्न, जगातला सर्वांत मोठा सुरय, गाजरी-लाल चोच खाली रोखून जातो तेव्हा तेही हातातला पाग तसाच धरून बघत राहतात.

नोव्हेंबरमध्ये 5 ते 12 तारखेपर्यंत राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या ‘पक्षीकोशा’वर माझ्यासारख्या कित्येकांचं पक्ष्यांशी नातं जुळलं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती 1987 पासून चालू आहे. अशा गणनांना अर्थ येतो तो सातत्याने. 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल 942 जातींचा आढावा घेणारा आहे आणि तो उभा राहिला आहे तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर. त्यात दूरवरून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची पीछेहाट ठळकपणे दिसते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक लाल यादीत किनारी पक्ष्यांच्या 16 जाती एकदम वरच्या धोक्याच्या पायरीवर गेल्या. आक्षीला नेहमी दिसणारा ग्रे प्लोव्हर आता ‘असुरक्षित’ आहे, कर्ल्यू सँडपायपरही. डनलिन आणि टर्नस्टोन ‘संकटसमीप’ झाले. ग्रेट नॉट तर 2015 पासूनच ‘संकटग्रस्त’ आहे. पीत समुद्राच्या काठची दलदल भराव टाकून बुजवली गेली, हे त्याच्या घसरणीचं मोठं कारण. दक्षिण कोरियात सेमांगम इथे 33 किलोमीटर लांबीची समुद्रभिंत 2006 मध्ये पुरी झाली आणि हजारो ग्रेट नॉट जिथे थांबून पोट भरत ती जागाच संपली. नशीब असेल तर हिवाळ्यात आक्षीच्या थव्यात एखादा दिसतो.

मार्च उजाडला की थव्याचा रंग बदलायला लागतो. राखी पक्षी एकेक करून सजतात. सँड प्लोव्हरच्या छातीवर विटकरी पट्टा उमटतो, डोळ्यांवर काळी पट्टी येते. ग्रे प्लोव्हरचं पोट शाईसारखं काळं होतं. पलासच्या कुरवाने तर फेब्रुवारीतच काळी टोपी चढवलेली असते. पक्षी आता अधाशासारखे खातात. काही जातींचं वजन निघण्यापूर्वी जवळजवळ दुपटीला जातं, पोट लोंबायला लागतं, उडताना जडपणा कळतो. संध्याकाळी एखादा गट अचानक अस्वस्थ होतो, सारखा बोलत राहतो, मग एकत्र उठून उंच जातो, रांग धरतो आणि उत्तरेला वळतो. दुसऱ्या दिवशी तेवढी वाळू रिकामी. एप्रिलच्या अखेरीस किनारा ओकाबोका होतो.

पुरता रिकामा मात्र होत नाही. मे महिन्याच्या उन्हात, पर्यटकांच्या पायांत, राखी पिसांचे काही सँड प्लोव्हर आणि एखादा कुरल उरतोच. ते जखमी नसतात. गेल्या वर्षीची पिल्लं असतात, अजून वीण करण्याच्या वयाची नसलेली. त्यातली बरीच पहिला उन्हाळा इथेच काढतात. मे महिन्यात किनाऱ्यावर पक्षी नसतातच, असं धरून जे बेत आखले जातात त्यांत या पोरांचा विचार नसतो.

मृग लागला की मी किनारा सोडून आतल्या बाजूला जाते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. खाचरांच्या बांधांवर शिंदीला सुगरणींची वसाहत भरते. अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. बर्लिनहून शिकून आलेले, हाताला नोकरी नसलेले सालिम अली 1930 च्या पावसाळ्यात तिथेच राहत होते, आणि घराजवळच्या सुगरणींकडे त्यांनी जे महिनोन्‌महिने बघितलं त्यावरचा निबंध 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन आतून-बाहेरून पारखतात, एखादीने पसंत केलं की तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं दुसरीसाठी विणायला घेतो. हे त्याआधी कुणी असं उलगडून दाखवलेलं नव्हतं. दुर्बीण आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर एका गावात बसून जगाला नवी गोष्ट सांगता येते, याचा दाखला आमच्या तालुक्यातला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

जुलैच्या वादळी दिवसांत मात्र पुन्हा समुद्रावर जावं लागतं. एरवी जमिनीच्या दृष्टीसही न पडणारे खोल समुद्रातले पक्षी वाऱ्याने किनाऱ्याला फेकले जातात. मास्क्ड बूबी, ब्राइडल्ड टर्न, कधी फ्रिगेटबर्ड. ब्राइडल्ड टर्न वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करतो, म्हणजे तो आपल्याच कोकणचा. सूटी टर्नचं तसं नाही. तो एकदा घरटं सोडून उडाला की वीण करण्याच्या वयाचा होईपर्यंत काही वर्षं समुद्रावर हवेतच राहतो. असा पक्षी वाळूवर पंख पसरून बसलेला दिसला तर तो विसावा घेत नसतो, थकून कोसळलेला असतो. त्याला ‘घरी जा’ म्हणून पुन्हा लाटांत सोडू नये, लाटा त्याला परत आपटतात. चोच उघडून पाणी ओतू नये, मासा कोंबू नये. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या कापडावर ठेवावं, झाकण लावून कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवावं, आणि वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवावा. बूबीला धरताना चोचीपासून डोळे सांभाळावेत, ती भाल्यासारखी येते.